बरं वाटलं? मग पळा!

मालनवन्सं माझ्याशी भांडायच्या थांबल्या, तेव्हाच माझे कान टवकारायला हवे होते. मी मात्र खूश झाले. मूर्ख म्हणतात ती मीच.

मालनवन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सासर सोडून माहेरी आल्या त्या ताठ मानेनं. कोंबड्या पाळल्या, अंडी विकली, कुणापुढं हात पसरला नाही. सोळा वर्षं आम्ही दोघी एका घरात राहिलो आणि सोळा वर्षं रोज सकाळी चहाच्या आधी एक भांडण झालं. कालवणात तिखट कमी का, मी पँट घालून गावभर का हिंडते, साप ठेवलेली बरणी ओट्यावर का आणली. त्या बरणीच्या बाबतीत त्यांचं बरोबर होतं, कबूल करते.

मी उमाराणी खबाले. कोयनेच्या खोऱ्यात कोंडोशी म्हणून गाव आहे, तिथं राहते आणि साप पकडते. कुणाच्या घरात, गोठ्यात, शाळेत साप निघाला की मला फोन येतो. मी जाते, धरते आणि लांब रानात सोडून येते. बाईमाणूस साप धरतंय म्हणून पहिली काही वर्षं लोक सापाकडं कमी आणि माझ्याकडं जास्त बघायचे. म्हटलं बघा, डोळे फुटेपर्यंत बघा.

गोष्ट दोन हजार एकेचाळीस सालची. त्याच्या दोन वर्षं आधी आमच्या तालुक्यात साप चावून नऊ माणसं गेली. त्यातली सात जणं दवाखान्यात उशिरा पोचली म्हणून गेली. कुणाला आधी देवळात नेलं, कुणाला झाडपाला बांधला, कुणी म्हणालं सकाळपर्यंत बघू. लस दवाखान्यात होती, डॉक्टर होती, फक्त माणूस वेळेवर नव्हता. अशा लोकांपर्यंत माझं म्हणणं पोचायला हवं होतं. म्हणून मी मोबाईलवर व्हिडिओ टाकायला लागले. मला काही नटी व्हायचं नव्हतं.

पण ऐकणार कोण? वर्षभर घसा कोरडा केला आणि फॉलोअर जमले नऊशे. मग सगळे करतात ते मीही केलं. बक्षीस लावलं. ‘राणीताईला फॉलो करा, तीन मित्रांना जोडा, टॉर्च जिंका.’ आठवड्यात सहा हजार झाले. टॉर्च संपले आणि महिन्यात परत दोन हजारांवर आले. शेजारच्या गावचा एक बाप्या बक्षीस न्यायला आला, टॉर्च लावून-विझवून बघितला आणि माझ्यासमोर उभं राहून मोबाईलवर मला अनफॉलो केलं.

“अहो, निदान घरी जाऊन तरी करायचं!” मी म्हणाले.

“आता काय काम हाय, ताई?” तो म्हणाला आणि गेला.

अशात पुण्याहून कौस्तुभ टिल्लू आला. सुश्राव्य नावाच्या कंपनीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ. ओसरीवर बसून त्यानं मालनवन्संच्या चहाचं इतकं कौतुक केलं की त्यांनी त्याला अंडी बांधून दिली.

“ताई, लोक बक्षिसासाठी येतात आणि बक्षीस संपलं की जातात,” तो म्हणाला. “आम्ही असं बक्षीस देतो जे संपतच नाही.”

त्यानं खिशातून हरभऱ्याएवढी एक गोळी काढली. कानात बसवायची. कंपनीनं तिला कानकळी असं नाव दिलं होतं.

तिच्यामागचं शास्त्र त्यानं मला सांगितलं ते असं. मेंदूतून एक मज्जातंतू निघतो, मानेतून खाली उतरतो, काळीज, फुप्फुसं, पोट, सगळीकडं फिरत जातो. शास्त्रज्ञांनी त्याचं नावच ‘भटका’ अशा अर्थाचं ठेवलंय. या भटक्याची एक बारीक फांदी कानाच्या वाटीत, कातडीच्या अगदी खाली येते. तिथं हलका विजेचा प्रवाह सोडला की काळजाचे ठोके संथ होतात, छाती मोकळी वाटते, माणसाला बरं वाटतं. फेफरं आणि नैराश्य यांवर डॉक्टर या मज्जातंतूचा उपयोग कितीतरी वर्षं करत आलेत. सुश्राव्यनं एवढंच केलं की तो उपाय फॉलो करण्याशी जोडला. मला फॉलो केलं की कानकळी फुकट घरपोच. मग माझ्या तोंडून एक ठरलेलं वाक्य ऐकू आलं की कानात तीन सेकंद झुळूक. मध्ये मध्ये कंपनीच्या जाहिराती. बस.

“वाक्य कोणतं ठेवायचं, ताई? तुम्ही वारंवार बोलता असं हवं.”

मला विचारसुद्धा करावा लागला नाही. आम्ही साप पकडणारे कुणाच्याही दारात पाऊल टाकलं की पहिलं एकच बोलतो. चावलेला माणूस घाबरला की काळीज धडधडतं आणि विष लवकर पसरतं, न चावलेला घाबरला की काठी घेऊन सापावर धावतो आणि मग त्यालाही चावतो. आमच्या गुरूंनी आम्हाला साप धरायच्या आधी ते वाक्य बोलायला शिकवलं होतं.

“‘घाबरू नका’ ठेवा,” मी म्हणाले.

कौस्तुभनं टाळी वाजवली. मलाही वाटलं, काय अक्कल लावली उमाराणी! साप बघून थरथर कापणारी माणसं माझ्या दोन शब्दांनी शांत होतील. सही केली. सगळी कलमं वाचली नाहीत, तेही सांगून टाकते.

पुढच्या आठ महिन्यांत माझे फॉलोअर चार लाख झाले. त्यातले अकरा हजार एकट्या आमच्या तालुक्यातले, म्हणजे जवळजवळ दर घरात एक. आणि खोटं कशाला बोलू, फायदा झाला. साप मारणं थांबलं. लोक दार लावून मला फोन करायचे आणि शांत उभे राहायचे. कंपनीनं मला माझा फोटो लावलेली चारचाकी दिली. मी गावातून निघाले की बायका दारात येऊन म्हणायच्या, “राणीताई, बोल की गं जरा!”

काही गोष्टी खटकायच्या. साप नसतानाही फोन यायचे. घाटावरच्या एका शाळेतले गुरुजी रोज दुपारी फोन करायचे. काय झालं विचारलं तर म्हणायचे, “काही नाही ताई, तुम्ही बोला.” आणि फोन कुणी ठेवायचंच नाही. मी ‘ठेवते हां’ म्हणाले तरी पलीकडून नुसतं ‘हूं’ यायचं. मीच कापला की थांबायचं.

आणि मालनवन्सं. पहिली कानकळी त्यांनीच घातली होती, हौसेनं. दोन-तीन महिन्यांत त्या बदलल्या. कालवणात मीठ जास्त पडलं तरी “छान झालंय गं, उमे.” बरणी ओट्यावर ठेवली तरी हसल्या. एकदा तर मीच मुद्दाम म्हणाले, “वन्सं, तुमची काळी कोंबडी मला दिसली नाही, कुत्र्यानं नेली वाटतं.” कोंबडीवर त्यांचा केवढा जीव! त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “जाऊ दे.”

माझा नवरा उत्तम दूध डेअरीत कामाला. त्याला कानात काही घातलेलं चालत नाही, त्यामुळं तो मूळचा तसाच राहिला. तो म्हणाला, “घरात कशी शांतता आलीय बघ.” मीही हो म्हणाले.

आषाढात एका सकाळी सात वाजले तरी कोंबड्या आत कोंडलेल्याच होत्या आणि ओरडून घर डोक्यावर घेत होत्या. मी मालनवन्संच्या खोलीत गेले. त्या जमिनीवरच्या अंथरुणात पडून होत्या. उशीशी मोबाईल, आणि मोबाईलमध्ये मी. ‘घाबरू नका. चावलेल्या जागेला चीर देऊ नका.’ व्हिडिओ संपून परत सुरू होत होता.

“वन्सं?”

त्यांनी माझ्याकडं बघायचा प्रयत्न केला. पापण्या अर्ध्यावरच अडकल्या होत्या. वर उचलल्या जात नव्हत्या. तोंडावर मात्र हसू. अशा पापण्या मी आधी पाहिल्या होत्या, साप चावलेल्यांच्या.

“कधी चावलं?” मी ओरडले.

“उजाडायच्या आधी. मुंगी चावल्यागत,” त्या जड जिभेनं म्हणाल्या. “मण्यार व्हती. गेली भिंतीकडं.”

“मग मला हाक का नाही मारली? मी पलीकडच्या खोलीत होते ना!”

“तुला कशाला उठवू? तुझा आवाज व्हताच की हितं. बरं वाटलं.”

चारचाकीत घालून नेलं. उत्तम मागं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि रडत होता. मी घाटात हॉर्नवरचा हात काढला नाही. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत त्यांचा श्वास अडकायला लागला होता.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉ. नाझनीन मुल्ला आहेत. बुटकी, चष्मेवाली, कुणाचंही ऐकून न घेणारी बाई. त्यांनी लस सुरू केली, घशात नळी घातली, मालनवन्संना श्वासाच्या यंत्रावर ठेवलं, आणि मग बाहेर येऊन माझ्यावर तुटून पडल्या.

“मण्यारीच्या विषानं दुखत नाही, सुजत नाही, हे तुम्हाला मी शिकवायचं का? मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचणं बंद होतं. आधी पापण्या, मग घसा, मग छाती. माणसाला जागं ठेवणारी एकच गोष्ट असते, भीती. ‘मला काहीतरी चावलंय’ ही भीती. ती तुम्ही काढून घेतलीत!”

“मी लोकांनी घाबरून गडबड करू नये म्हणून...”

“या मोसमातले माझे हे चौथे पेशंट. चौघांच्या कानात तुमची ती कळी. गेल्या वर्षी लोक तास-दीड तासात यायचे. यंदा चार-चार तास लागतायत. परवा एक तिशीतला माणूस आला तो गेलेलाच. त्याच्या बायकोनं सांगितलं, मोबाईल ऐकत हसत पडला होता.”

मी बाकावर बसले. माणसं वाचवायला निघाले होते मी, आणि माझ्याच तोंडानं माणसं मारत होते. त्या तिशीतल्या माणसाचं नाव मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही, पण ते मला रोज आठवतं.

चौथ्या दिवशी मालनवन्संची नळी काढली. वाचल्या. त्याच दिवशी कौस्तुभ टिल्लू फुलांचा गुच्छ घेऊन आला.

“ताई, केवढी हृद्य गोष्ट आहे ही! घरातल्याच व्यक्तीला दंश, आणि तुमच्या आवाजानं शेवटपर्यंत धीर. आपण यावर छोटी फिल्म...”

मी फुलं त्याच्याच हातात परत दिली. “ती झुळूक आत्ताच्या आत्ता बंद करा.”

“बंद करून उपयोग नाही, ताई,” तो मऊ आवाजात म्हणाला. “आठ महिन्यांत मेंदू शिकलेला असतो. आता कानकळी काढली तरी नुसत्या तुमच्या आवाजानं बरं वाटतं. हे तर आपलं यश आहे.”

“मग मी आजपासून तोंडच उघडत नाही.”

“तुमची मर्जी. कराराप्रमाणं तीन वर्षं आवाजाचे हक्क आमच्याकडे आहेत. तुम्ही नाही बोललात तर आमचं यंत्र तुमच्या आवाजात बोलेल. लोकांना फरक कळणार नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा गळा, माझी जीभ, आणि बोलणार यांचं यंत्र! मी त्याला दवाखान्यातच चार शब्द ऐकवले असते, पण डॉ. मुल्लांनी मला हात धरून आत नेलं.

“याचं खरं-खोटं तपासू,” त्या म्हणाल्या. “तुमच्या नणंदेच्या कानात आता काही नाही. यंत्रावर नाडी शहाण्णव दिसतेय. बोला काहीतरी. भीतीदायक बोला.”

मी खाटेजवळ गेले. “वन्सं, घराला आग लागलीय. खुराडं जळालं. सगळ्या कोंबड्या गेल्या.”

मालनवन्संच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. यंत्रावरचा आकडा उतरला. नव्वद. पंच्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. मी काय बोलतेय याला काही अर्थच उरला नव्हता. मी ‘पळा, वाचा’ म्हणून बोंबलले असते तरी तालुका गोड हसून झोपला असता.

“यांना सगळं समजतंय,” डॉक्टर म्हणाल्या. “डोकं शाबूत आहे. शरीर आधी शांत होतं आणि डोकं त्याच्या मागं जातं. हा धडा पुसायला महिने लागतील, आणि तुमच्या भागात सापांचे खरे दिवस तर आत्ताच सुरू झालेत. पुसता येत नसेल तर...” त्या चष्मा पुसत थांबल्या. “तर त्याच धड्याला दुसरा धडा बांधायचा. बरं वाटलं, की ती धोक्याची खूण. बरं वाटलं की उठायचं.”

“आणि हे सांगणार कोण? मी बोलले की संपलंच.”

तेवढ्यात खाटेवरून एक आवाज आला. नळीनं घसा सोलला होता, त्यामुळं पत्र्यावर वाळू घासल्यासारखा. “मी सांगते की मुडद्यांना.”

मी वळून बघितलं. मालनवन्सं कोपरावर उठायला धडपडत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “माझ्या कोंबड्या जळाल्या म्हणून हसले व्हय गं मी? हसले? आन् तूही, उमे, काय शोभतं का असं बोलायला?”

मी त्यांच्या गळ्यात पडले. दोघी रडलो. डॉक्टर म्हणाल्या सलाईन निघेल, बाजूला व्हा.

दुसऱ्या दिवसापासून मी गप्प झाले. बाहेर, फोनवर, कुठंही एक शब्द नाही. घरात खुणा आणि पाटी. चारचाकी विकली आणि आलेल्या पैशाचे सगळे टॉर्च घेतले. मग मोबाईलसमोर शाळेतल्यासारखी पाटी धरून बसले. पाटीवर लिहिलं होतं, ‘मला सोडा. कानकळी आणून द्या. टॉर्च घेऊन जा.’

काय झालं असेल? संध्याकाळपर्यंत माझे बारा हजार फॉलोअर वाढले. लोकांनी लिहिलं, ‘केवढा हा साधेपणा!’ ‘ताईंची नवीन कल्पना.’ ‘टॉर्च कुठं मिळेल?’ मी पाटी आपटली ती फुटलीच.

मालनवन्सं म्हणाल्या, “मोबाईल राहू दे. बाजाराला चल.”

सोमवारच्या आठवडी बाजारात त्यांनी त्यांच्या नेहमीच्या जागेवर अंड्यांचे ट्रे मांडले आणि शेजारी एक रिकामं घमेलं ठेवलं. मी टॉर्चचे खोके घेऊन मागं मुकी उभी. मालनवन्सं उभ्या राहिल्या आणि त्या फुटक्या गळ्यानं ओरडल्या, “या की! राणीताईचे भक्त या! मी तिची नणंद, मेलेली परत आलेय!”

गर्दी झाली. त्यांनी पायावरची दाताची खूण दाखवली, गालावरचा नळीच्या पट्टीचा डाग दाखवला.

“शेजारच्या खोलीत साप धरणारी बाई झोपली व्हती आन् मी मोबाईल लावून मरत पडले व्हते. का? बरं वाटत व्हतं म्हणून! तुम्हाला बी वाटतंय न्हवं बरं? हिच्या आवाजानं? आता माझं ऐका. आजपासून बरं वाटलं की समजायचं, घात हाय. बरं वाटलं? मग पळा!”

एक आडदांड माणूस म्हणाला, “मालनबाई, एवढं काय? कानातलं लागतं हो आम्हाला. झोप येत न्हाई त्याशिवाय.”

मालनवन्संनी पुढं होऊन त्याचा कान पिळला, कानकळी उपसून घमेल्यात टाकली आणि त्याच्या हातात टॉर्च कोंबला. “झोप न्हाई येत तर जागा राहा! पुढचा कोण?”

लोक हसले. पण ते आले. बायका आधी आल्या. एकीनं कानातली कळी काढताना माझ्याकडं बघितलं, रडवेली झाली आणि म्हणाली, “राणीताई, सासू गेल्यापासून तुमच्याच आवाजाचा आधार व्हता.” मला उत्तर द्यायचं होतं. ओठ आतल्या आत दाबून मी तिचा हात धरला. त्या बाजारात दोन घमेली भरली. मग मंगळवारचा बाजार, बुधवारचा, घाटावरचा. डॉ. मुल्लांनी आशा कार्यकर्त्यांना तेच वाक्य दिलं. शाळांतली पोरं रस्त्यानं ओरडत जायला लागली, “बरं वाटलं? मग पळा!”

सुश्राव्यनं नोटीस पाठवली. उत्तमनं ती डेअरीच्या फळ्यावर लावली, लोकांनी वाचावी म्हणून. मग कंपनीनं ठरल्याप्रमाणं माझा आवाज बाहेर काढला. एका सकाळी माझ्याच पानावर मी बोलत होते. ‘घाबरू नका. माझ्याबद्दल काही गैरसमज पसरवले जात आहेत. घाबरू नका.’ तोच ठेका, तोच सूर, माझी खोकायची सवयसुद्धा. मला वाटलं, संपलं. इतके दिवस केलेलं सगळं पाण्यात.

दुपारी डॉ. मुल्लांचा फोन आला. मालनवन्संनी लाऊडस्पीकरवर टाकला.

“दवाखान्यात बघा येऊन काय चाललंय! सकाळपासून एकवीस माणसं आली. कुणाला काही चावलेलं नाही. म्हणतात, मोबाईलवर राणीताई बोलली, बरं वाटलं, म्हणून पळत आलो!” आणि त्या हसायला लागल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. “वाजवू द्या त्यांना. जितक्या वेळा वाजवतील तितकी आपली शिकवणी पक्की.”

कंपनीनं आठवडाभर वाजवलं. माझ्या गळ्यावर हक्क सांगणाऱ्यांनी माझंच काम फुकटात केलं. आठवड्यानं तालुक्यातल्या अकरा हजारांतले तीनशेसुद्धा माझ्या पानावर उरले नव्हते. कौस्तुभनं उत्तमला फोन करून विचारलं, “तिकडे नेमकं काय बिघडलंय?” उत्तम म्हणाला, “काही न्हाई, सुधारलंय.”

तरी माझ्या मनात धाकधूक होती. बाजारात ओरडणं वेगळं आणि खरंच चावल्यावर, एकटं असताना, अंगात विष चढताना ते आठवणं वेगळं. पळत आलेल्या त्या एकवीस जणांतल्या एकालाही साप चावलेला नव्हता.

मी मुकी झाले त्याच्या तेविसाव्या दिवशी, दुपारी दीडच्या सुमाराला फोन वाजला. सापाचे फोन मालनवन्सं घ्यायच्या, पण त्या अंडी पोचवायला गेल्या होत्या आणि फोन घरीच राहिला होता. उत्तम डेअरीत. मी उचलला आणि श्वास रोखून ऐकत राहिले.

“मालनबाई! मालनबाई, मी धावडेवाडीतनं बोलतेय!” बाईचा आवाज, कोवळा, फाटलेला. “गवतात हात घातला आन् चावलं, फुरसं हाय बहुतेक. हात टरारून सुजलाय. घरात कुणी न्हाई, समदी भाताच्या लावणीला गेल्यात. पदरात लहान पोर हाय. कुठं जाऊ? कुणाची गाडी असंल? मालनबाई, बोला की!”

धावडेवाडीत शाळेच्या मागं बाजीराव मोरेंचा टेंपो दुपारी उभा असतो, हे मला ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं, नवी सून असावी. निरोप लिहून पाठवला तर ती तो कधी वाचणार? नाही बोलले तर ती तिथंच रडत बसणार. बोलले तर शांत होऊन तिथंच बसणार. मालनवन्संचं ते अर्ध्या पापण्यांचं हसू माझ्या डोळ्यांसमोर आलं. बावीस वर्षं साप धरतेय, नागाचा फणा हाताच्या अंतरावर बघितलाय, पण इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

मी तोंड उघडलं. “शाळेच्या मागं बाजीराव मोरेंचा टेंपो आहे. हाका मारत जा.”

पलीकडचं रडणं थांबलं. एकदम. पोराचं कुरकुरणं तेवढं ऐकू येत होतं. मग एक लांब, संथ श्वास.

“राणीताई?” तिचा आवाज मऊ झाला होता. “किती दिसांनी... आवाज ऐकला तुमचा. लय बरं वाट...”

मी डोळे मिटून घेतले. गेली. ही पण गेली.

“अगं बया!” ती किंचाळली. “बरं वाटलं मला! आई गं, बरं वाटलं! ओ बाजीमामा! बाजीमामाऽऽ!” पायांचा आवाज, पोराचं भोकाड, आणि खट्.

मी डॉ. मुल्लांना दोन ओळी लिहून पाठवल्या आणि उंबऱ्यावर बसून राहिले. पस्तीस मिनिटांनी त्यांचा निरोप आला. बाई पोचली, शुद्धीत आहे, लस सुरू केली, पोर परिचारिकेजवळ आहे.

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण माझा आवाज ऐकूनही तिनं फोन माझ्या तोंडावर कापला होता, आणि एवढा मान मला त्या चार लाखांनी मिळूनसुद्धा कधी दिला नव्हता.